टांकसाळ्यांचा वीर

७ जुलै १९९६, रविवार

डॉक्टरनं बजावलंय, यांच्यावर आवाज चढवायचा नाही. हार्ट अर्धंच चालतंय म्हणे. मग मी चढवायचा कुठं? भिंतीवर? म्हणून ही वही. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी आमच्या अप्पांनी पोथीवरून शिकवली. तेवढ्यावर जेवढं लिहिता येईल तेवढं. चुका काढायला कोण वाचणार आहे!

आज जे. पी. नगरहून एक साहेब आला. अरविंद पेंडसे. पुण्याचा, सरकारी कारखान्यात इंजिनियर. जुनी नाणी गोळा करायचा नाद. टांकसाळे नावाची माणसं कॉटनपेटेत राहतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून स्कूटर घेऊन शोधत आला. दारातूनच म्हणतो, "टांकसाळे! म्हणजे तुम्ही नाणी पाडणारे!"

मी म्हटलं, "मी दोसे घालते. चपला बाहेर काढा."

आमचे हे मात्र उशीला टेकून ताठ बसले. यांचं नाव इथं एकदा लिहिते, मानसिंग. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज हेब्बाळच्या तळ्यापलीकडं कुठल्या सरदाराची टांकसाळ चालवायचे, ही यांची गोष्ट. लग्न झाल्यापासून ऐकतेय. लग्नकार्यात हे ती काढायला लागले की लोक पाण्याच्या निमित्तानं उठतात. जाऊबाई, भाग्याक्का, तोंडावर म्हणते, "भावजी, टांकसाळ होती तर दोन नाणी खिशात ठेवायची होती की!" सगळे हसतात. हेही हसतात. मला ते हसणं बघवत नाही.

या साहेबानं मात्र सगळी गोष्ट ऐकली. मधे उठला नाही. कॉफी गार केली.

२१ जुलै, रविवार

पेंडसे परत आला. डिसेंबरात त्यांच्या नाणेप्रेमी मंडळाची मोठी सभा आहे. त्यात तो या टांकसाळीवर बोलणार. पण म्हणतो, "वहिनी, गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. नाणं पाहिजे. एक नाणं असलं की टांकसाळ सिद्ध. नाणं नसलं की टांकसाळे म्हणजे नुसतं आडनाव."

यांनी विचारलं, "एक पुरेल?"

"चार-पाच असतील तर कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही."

तो गेल्यावर हे मला म्हणाले, "मरायच्या आत एवढं व्हावं गं." मी म्हटलं मरायचं नाव काढलंत तर पेज मिळणार नाही. आवाज चढवला नाही. हळूच म्हटलं.

दिवसभर सगळे डबे, पेट्या, माळा उपसला. सासूबाईंच्या पेटीत मोडक्या बांगड्या आणि झुरळं. नाणं एक नाही. सरदाराची टांकसाळ चालवली आणि घरात एक नाणं ठेवलं नाही. असले पूर्वज!

२६ ऑगस्ट, सोमवार

आज वीरानं खोळ टाकली.

वीर म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातला मूळपुरुष. मुठीएवढा लोखंडी गोळा, वरून निमुळता, खाली सपाट. पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढून चढून भोपळ्यासारखा झालेला. भाऊबंदांत हा एकच वीर, आणि तो यांच्याकडं, कारण सासऱ्यांनी यांच्याच हातात दिला होता. भाग्याक्काचा खरा राग त्याचाच. थोरल्याच्या घरी यायला पाहिजे होता म्हणते.

श्रावणी सोमवार म्हणून आंघोळ घालत होते तर शेंदराचं अख्खं कवच हातात आलं. आत काळं लोखंड. आणि सपाट बाजूला बारीक नक्षी. बोटाला लागली. चाळशी लावून बघितलं. काठानं ठिपक्यांचा गोल, मधे एक फूल की चांदणी, खाली अक्षरं. उलटी. पोस्टातल्या शिक्क्यावर असतात तशी.

काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. पण शिक्का उलटा कशासाठी कोरतात एवढं कळायला शाळा लागत नाही.

हे आत झोपले होते. उठवलं नाही. खोळ पडल्याचं कळलं असतं तर अपशकुन म्हणून छाती धरून बसले असते.

२८ ऑगस्ट, बुधवार

पेंडशाला सांगावं का, असा दोन दिवस विचार केला. नको. वीर घराबाहेरच्याला दाखवत नाहीत, हात तर लावूच देत नाहीत. आणि त्याला लोखंड कुठं पाहिजे? त्याला नाणं पाहिजे. तोंडानं म्हणाला तो, नाणं असलं की झालं. मग नाणंच देऊ.

यात खोटं काय? सोऱ्या आजीचा असला तर चकली आजीचीच. आज पाडली म्हणून काय ती बाजारची झाली?

३१ ऑगस्ट, शनिवार

वीराला धुतल्या पंच्यात गुंडाळून बस पकडून पीण्याला, कारखान्यांच्या वस्तीत गेले. माझा धाकटा भाऊ गिरीराज तिथं पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याच्या टोप्या काढतो. त्यानं वीर हातात घेतला, उजेडात फिरवला आणि म्हणाला, "अक्का, हे डाय आहे गं, छापायचा ठसा. आमच्या डायसारखंच. कुणी कोरलंय? काय हात आहे!"

मी म्हटलं, "कौतुक नको. तांब्यावर मारून दे."

गिरी म्हणाला, "जुनं लोखंड आहे. याला हातोडीनं एकेक, हळू मारायला पाहिजे. आज एक करतो, उद्या एक."

"उद्या परत दोन बसा बदलून मी येऊ? तिकडं नवरा पडलाय. मशीन कशाला आहे? मशीनवर लाव."

"अक्का, स्वल्प ऐक."

"तू ऐक. पंख्याच्या टोप्या दिवसभर धडाधड काढतोस, बहिणीची चार नाणी काढताना लोखंड जुनं झालं?"

लावलं त्यानं. पहिलं नाणं पडलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. फूल वर उठून आलं. अक्षरं सरळ झाली. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला मी म्हटलं, अजून एक काढ, चुकून हरवलं तर. आणि कडाड्! वीर मधोमध फुटला.

गिरीनं मशीन बंद केली. चपला काढल्या आणि दोन्ही कान धरले. मी त्याला म्हटलं, "रडायला काय झालं? तुझा देव आहे का माझा?" पण पाठ फिरवून मीही कान धरले. हे इथंच लिहिते. गिरीला दिसू दिलं नाही.

नाण्याची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर गिरीनं कानशीनं आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. जुन्या नाण्यांवर तसं असतं, त्यानं कुठल्या प्रदर्शनात बघितलंय. वर म्हणतो, आंबट ताकात मीठ घालून मडक्यात पुरून ठेव, हिरवी होतील. म्हटलं, बरं. लोणचंही मुरवतोच की आपण.

२ सप्टेंबर, सोमवार

खंडित देव घरात ठेवत नाहीत. दोन्ही तुकडे, नारळ आणि दहीभात घेऊन ऑटोनं हेब्बाळला गेले. तळ्यात सोडले. पाण्यात दोन बुडबुडे आले. माफ कर म्हटलं. तुझ्याच नावासाठी केलं.

देव्हारा रिकामा ठेवता येत नाही. गिरीनं लोखंडी दांड्याचा एक तुकडा दिला होता, साधारण त्याच मापाचा. त्याला तेलात शेंदूर कालवून तीन हात दिले. दिसतो वीरासारखा. देव मानला की देव.

१३ ऑक्टोबर, रविवार

मडकं उकरलं. नाणी पोपटी झाली होती. इमानदारीत सांगते, मलाच जुनी वाटली.

यांना म्हटलं, सासूबाईंच्या पितळी डब्याचा तळ दुहेरी होता, त्यात सापडली. त्यांनी हात पुढं केला. मी तळहातावर ठेवली. मग अंगठा फुलावरून फिरवला आणि म्हणाले, "आजा सांगायचा, आपल्या नाण्यावर कमळ होतं."

आजा सांगायचा! मला कधी बोलले नव्हते. मग मी पाडलेल्या नाण्यावर ते आलं म्हणजे ते खरंच ना?

पेंडसे संध्याकाळी आला. नाणी बघून मटकन खाली बसला. भिंग लावून अक्षरं वाचली, कुठल्या सरदाराचं नाव सांगितलं, आणि वाकून यांच्या पाया पडला. पुण्याचा ब्राह्मण माणूस. हे इतके लाजले! रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

आज खंडेनवमी. वीराची पूजा मीच करते म्हटलं तर ऐकलं नाहीत. "या वर्षी मी करणार. त्याच्यामुळं मिळालं." यांना पाटावर बसवलं. दोन्ही हातांत घेऊन दुधानं आंघोळ घातली.

म्हणाले, "यंदा वीर हलका लागतो गं."

मी म्हटलं, "खोळ टाकली त्यानं श्रावणात. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही."

"खोळ टाकली? मग शुभच आहे. इडापिडा घेऊन गेला." आणि कपाळ टेकलं.

मी प्रसादाचं बघायला आत गेले.

१७ नोव्हेंबर, रविवार

भाग्याक्का आली. आजपर्यंत कधी न विचारणारी विचारते, "काय गं संयोगिता, सभेला आम्ही यायचं का?" म्हटलं, या की. पाणी प्यायला मधेच उठायचं नाही पण. तोंड एवढंसं झालं तिचं. आज झोप छान लागेल.

८ डिसेंबर, रविवार

लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

बसवनगुडीत एका हॉलमध्ये सभा. यांना फेटा बांधला. गिरीनं भाड्याची गाडी आणली. भाग्याक्का आणि तिचे दोघे मुलगे तिसऱ्या रांगेत. पेंडसे कोट घालून बोलला. पडद्यावर आमची नाणी ताटाएवढी मोठी करून दाखवली. टांकसाळे घराण्याचे वंशज आज इथं बसलेत म्हणाला, तेव्हा टाळ्या पडल्या. यांनी हात जोडले. मी बघत होते भाग्याक्काकडं.

मग एक म्हातारा उठला. शेषगिरीराव. मंडळाचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणे. पातळ, पांढरे केस, आवाज बारीक. म्हणाला, "जरा हातात देता का?" दिलं. त्यानं काठावरून नख फिरवलं. नाकाजवळ नेलं. आणि कन्नडमध्ये म्हणाला, "ताकाचा वास येतोय."

हॉल हसला.

"काठ बघा. पंच लावून पत्रा कापलाय. जुनं नाणं छिन्नीनं कापायचे, असं बांगडीसारखं गोल येत नाही. तांबं तारांच्या कारखान्यातलं. आणि सगळ्या नाण्यांवर छाप एकाच जागी, केसभर इकडंतिकडं नाही. माणसाच्या हाताला इतका नेम कुठला? मागच्या रेघा कानशीच्या." नाणी टेबलावर ठेवून हात पुसले. "अभिनंदन. टांकसाळे कुटुंबानं धंदा परत सुरू केलेला दिसतो."

काय हसले लोक! पुढच्या रांगेतली एक बाई तर पदर तोंडात धरून.

पेंडसे पांढरा पडला. माइकमध्ये म्हणाला, "माझी फसवणूक झाली. मी या लोकांना नीट ओळखतसुद्धा नाही. अडाणी माणसं आहेत." पाया पडला होता तोच.

मी उठणार होते. मी सांगणार होते सगळ्यांना सोऱ्याचं आणि चकलीचं. पण त्याआधी हे उठले. खुर्ची धरून. माझ्याकडं एकदा बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "मी पाडली. साहेबांना माहीत नव्हतं. घरात कुणाला माहीत नव्हतं. आमची टांकसाळ कधी नव्हतीच. आजा गप्पा मारायचा, मीही मारल्या. माफ करा."

फेटा सुटून खांद्यावर आला होता. कुणी सावरला नाही.

गाडीत मी म्हटलं, "तुम्ही कधी पाडली?"

"तू पाडलीस ना?"

"हो."

मग घर येईपर्यंत फेट्याची घडी घालत बसले.

९ डिसेंबर, सोमवार

आवाज चढवला. डॉक्टर गेला खड्ड्यात. मला वाचवायला कुणी सांगितलं होतं? मला तोंड नाही का? हे म्हणाले, "तुझं तोंड माहीत आहे म्हणून तर."

कशानं पाडली ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

भाग्याक्काकडच्या बारशाला आम्हाला शेवटच्या पंगतीत बसवलं. यांना कुणीतरी, "काका, सुट्टे आहेत का? पाडून देता का?" सगळी पंगत हसली. भाग्याक्का वाढता वाढता म्हणाली, "खोटं नाणं, पण वाजतं बघा कसं." हे खाली बघून जेवले.

घरी आल्यावर यांनी गिरीला फोन करून बोलावलं आणि दारावरची टांकसाळे नावाची पाटी काढायला सांगितली. म्हणाले, नुसतं मानसिंग पुरे. खिळ्यांची भोकं राहिली. मी चुना भरला.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

हे आता बरे आहेत. म्हणजे शांत आहेत. काल गिरीला सांगत होते, "खोटं होतं म्हणून सुटलो रे. आता कुणाला काही सिद्ध करायचं नाही." पेपर वाचतात. दुपारी झोपतात. देव्हाऱ्याला रोज हात जोडतात, तेवढं सोडलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

शेषगिरीराव आला. दारात उभा. मी म्हटलं, "काय राहिलंय? ताक देऊ?"

"अम्मा, तुमचा राग बरोबर आहे," म्हणाला. "पण मला झोप नाही. एक नाणं मी ठेवून घेतलं होतं. तांबं नवं, काठ नवा, सगळं नवं. पण अक्षर नवं नाही. त्या अक्षराचं वळण आज कोरणारा माणूस हिंदुस्थानात नाही. कशावर मारलंत तुम्ही?"

हे आत झोपले होते. मी अंगणातच सांगितलं सगळं. वीर, खोळ, पीण्या, मशीन. चोरून ठेवायचं काय त्यात? तो ऐकता ऐकता पायरीवर बसला.

"तुकडे कुठं आहेत?"

"हेब्बाळच्या तळ्यात."

"का?"

"खंडित देव घरात ठेवायचा नसतो. एवढे केस पांढरे झाले, एवढं माहीत नाही?"

त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "अम्मा, नाणी पोत्यानं मिळतात. ठसा मिळत नाही. काम झालं की टांकसाळवाले मोडून टाकायचे, कुणी चोरून पाडू नये म्हणून. तुमच्या घरात तो देव करून ठेवला, म्हणून वाचला. पेंडशांना नुसता दाखवला असतात तर मी उभा राहून तुमच्या नवऱ्याला नमस्कार केला असता. टांकसाळ होती. तुमचीच होती."

"मग आता करा. लिहा कुठं लिहायचं ते."

"कशाच्या जोरावर? गाळाच्या? खोटं म्हणून मंडळाच्या अंकात माझ्याच नावानं छापून आलंय." उठला. फाटकाशी थांबून म्हणाला, "त्यांना सांगू नका. एवढं ऐका."

का नाही सांगायचं? जाग आल्याबरोबर सांगितलं. मला वाटलं, उठून बसतील.

पडूनच राहिले. मग विचारलं, "देव्हाऱ्यात काय आहे?"

"गिरीकडचा दांड्याचा तुकडा."

"खंडेनवमीला मी..."

"तोच."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "अगं, एक कर. हे कुणालाही बोलू नकोस. भाऊबंदांत तर नाहीच. मी खोटा आहे, तेच राहू दे. ते चालतं."

"का म्हणून? खरं असताना?"

"ऐक माझं. आयुष्यात एकदा ऐक."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, घेऊन भाग्याक्काकडं गेले. दहा-बारा बायका होत्या. वाटी हातात घेता घेता भाग्याक्का म्हणते, "अस्सल तीळ आहेत ना? का भावाच्या पीण्यातल्या शेडमध्ये काढले?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. किती दिवस ऐकायचं? सांगितलं सगळं तिथल्या तिथं. खुद्द शेषगिरीराव आमच्या पायरीवर बसून काय बोलला ते. टांकसाळ खरी, गोष्ट खरी, माझा नवरा खरा. त्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. आपला वीर होता तोच ठसा, अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?

कुणी हसलं नाही. पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मला बरं वाटलं.

भाग्याक्का हळूच म्हणाली, "वीर होता म्हणजे?"

१९ जानेवारी, रविवार

सकाळी भाऊबंद आले. भाग्याक्काचे दोन्ही मुलगे, मल्लेश्वरमचे, अल्सूरचे, सगळी पुरुष माणसं. भाग्याक्का मागे, हातात कोरं वस्त्र. कुणी पाणी घेतलं नाही.

थोरल्यानं यांना विचारलं, "काका, काकू म्हणते ते खरं?"

यांनी माझ्याकडं बघितलं. सभेत बघितलं होतं तसं. मी म्हटलं, "सांगा की. आता कशाला लपवता?"

"खरं," म्हणाले.

देव्हारा उतरवला त्यांनी. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, तुळजाईचा टाक, एकेक पुसून वस्त्रात बांधला. ज्या बाईनं मूळपुरुष मशीनखाली घातला तिच्या हातचं पाणी देवाला नको, आणि ज्यानं तिला झाकलं तो टांकसाळ्यांतला नाही, असं थोरल्यानं यांच्या उशाशी उभं राहून सांगितलं. शेंदूर लावलेला तो दांडा तेवढा फळीवर ठेवला. भाग्याक्का म्हणाली, "हा तुझा. याची कर पूजा." दारातून मागे वळून, "भावजींचं काही कमीजास्त झालं तर निरोप पाठवू नको. खांदा द्यायला कुणी येणार नाही."

हे सगळं ऐकत होते. दार उघडंच होतं.

माणसं गेल्यावर मी आत गेले. म्हटलं, अहो, एक गोष्ट बघितलीत का? सगळे भाऊबंद जमले होते, आणि टांकसाळ नव्हती असं एकही जण म्हणाला नाही. टांकसाळ्यांतला नाही म्हणाला, म्हणजे टांकसाळे आहेत हे मान्यच केलं ना? यासाठीच केलं ना आपण सगळं?

भिंतीकडं तोंड करून पडलेत. पेज तशीच आहे. झालं ना तुमच्या मनासारखं, म्हटलं. माणसाला खूष करायचं तरी कसं?